नाव की घर? कबड्डी लीगच्या विस्ताराचा प्रश्न



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांवर विद्वानांची भाषणे व्हावीत असा रिवाज आहे. त्या जागी एका कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने उभे राहावे, आणि तेही कबड्डीवर बोलण्यासाठी, याचे कोणास नवल वाटले तर तो त्यांचा दोष नव्हे. माझे शालेय शिक्षण बेताचे. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर वाचले. मात्र एक सवय मला या कामाने लावली. ती म्हणजे हिशेब वाचण्याची. ज्याला पगारपत्रक वाचता येत नाही त्याने मालकापुढे बोलणी करण्यास बसू नये. त्याच सवयीने आज मी एका खेळाचा हिशेब आपणापुढे मांडणार आहे.

आपल्या भागातील तरुण मंडळींच्या तोंडी एक प्रश्न नेहमी असतो. प्रो कबड्डी लीगमध्ये मुंबईचा संघ आहे, पुण्याचा संघ आहे. मग विदर्भाचा का नसावा? नागपूरला एक संघ मिळाला तर भंडारा-गोंदियाच्या पोरांना दार उघडेल, असे त्यांना वाटते. ही मागणी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. तिच्या मागे अन्याय झाल्याची भावना आहे, आणि आशाही आहे. म्हणून तिचा विचार नीट केला पाहिजे. लीगने नव्या शहरांत पसरावे की नाही, पसरावे तर कोणत्या रीतीने, आणि आपण तिच्यापाशी नेमके काय मागावे, हा आजचा विषय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. कबड्डीला विस्तार ही गोष्ट नवी नाही. लीग येण्यापूर्वी कितीतरी आधी हा खेळ पसरत होता, आणि तो पसरवणारात विदर्भ मागे नव्हता. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी आयुष्य या खेळाला वाहिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून पाळतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. या साऱ्या विस्तारात कोणी शहर विकत घेतले नाही की विकले नाही.

त्या काळी खेळाडूचे पोट कशावर चाले, हेही पाहा. मुंबईच्या गिरणगावात लालबाग-परळच्या चाळींतून कबड्डीचे संघ उभे राहिले. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार संध्याकाळी मैदानात उतरे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले आणि त्याने कामगारांच्या कबड्डी स्पर्धा भरवल्या. पुढे एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, देना बँक, रेल्वे, पोलीस अशा ठिकाणी खेळाडूंना नोकऱ्या मिळू लागल्या. खेळाडू आधी कामगार असे आणि मग खेळाडू असे. गुडघा गेला तरी हजेरीपत्रकावरचे नाव जात नसे. १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतरची गिरण्यांची पडझड यांनी तो पाया खचवला. भोंगा बंद पडला की त्याच्या आधाराने जगणारे मैदानही सुने होते, हा धडा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता लीगकडे वळू. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. संघ आठ होते. पहिले अजिंक्यपद जयपूरने मुंबईला हरवून मिळवले. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांच्यावर लागली. पाटण्याने त्यांच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपये मोजले. नऊ वर्षांनी, २०२३ च्या लिलावात, पवन सेहरावत यांच्यासाठी तेलुगू संघाने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले. म्हणजे वीसपट. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडच्या बाजूचा सिद्धार्थ देसाई २०१९ साली १ कोटी ४५ लाखांना गेला. अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यातून आलेला अस्लम इनामदार पुण्याचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकले. ज्या खेळाला शहरी मंडळी मातीतला खेळ म्हणून नाक मुरडीत, तो घरोघरच्या पडद्यावर आला. खेड्यातल्या आईला आपला मुलगा कबड्डी खेळतो हे सांगण्यास संकोच वाटेनासा झाला. हे लीगचे श्रेय आहे आणि ते तिला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. ज्याला चांगल्याला चांगले म्हणता येत नाही त्याच्या टीकेला वजन येत नाही.

२०१७ साली या लीगने विस्तार केला. आठाचे बारा संघ झाले. गुजरात, हरियाणा, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश यांच्या नावाने चार नवे संघ आले. नागपूर त्या यादीत नव्हते. परंतु त्याच वर्षी एक मौजेची गोष्ट घडली. ऑगस्ट महिन्यात नागपूरच्या मानकापूर येथील क्रीडा संकुलात लीगचे सामने झाले. आपल्याकडून मंडळी गाड्या करून पाहावयास गेली. ते सामने कोणाच्या घरचे होते? बंगळुरूच्या संघाचे! बंगळुरूचा संघ आपल्या घरचे सामने नागपुरात खेळला. दुसऱ्या वर्षी त्याच संघाचे घरचे सामने पुण्याला झाले, आणि त्या हंगामात तो संघ अजिंक्य ठरला. आपल्या शहरात घरचा एकही सामना न खेळता त्या शहराच्या नावाने चषक उचलला गेला.

क्रिकेटमध्ये हा अनुभव आपण त्याआधीच घेतला होता. २०१० साली हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स संघाने आपले काही घरचे सामने नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर खेळले. पुढे २०१२ साली तो संघच बंद झाला. म्हणजे दोनदा नागपूरला संघ आला आणि दोन्ही वेळा तो भाडेकरू म्हणून आला. भाडेकरूबद्दल माझ्या मनात अढी नाही. मी स्वतः भाड्याच्या खोलीत राहिलेला माणूस आहे. पण भाडेकरू घरापुढे आंब्याचे झाड लावीत नाही, आणि का लावावे त्याने?

येथे माझ्या मुख्य मुद्द्याला हात घालतो. लीगचा विस्तार म्हणून जे मोजले जाते ते नावांचे मोजमाप आहे. आठ नावांची बारा नावे झाली. पण घरे किती झाली? २०१७ साली बारा संघांचा तांडा बारा शहरांतून फिरला. साथीमुळे २०२० चा हंगाम झाला नाही. त्यानंतरचा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना पार पडला. तो नाइलाज होता. पण साथ ओसरल्यावरही २०२२ चे साखळी सामने तीन शहरांत झाले. दहावा हंगाम पुन्हा बारा शहरांत गेला खरा, पण २०२४ चा हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच ठिकाणी झाला. २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार ठिकाणी झाला. त्या हंगामात महाराष्ट्राच्या नावाचे दोन संघ होते, पुण्याचा संघ तर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. आणि महाराष्ट्राच्या भूमीवर एकही सामना झाला नाही. नावे बारा आणि घरे चार, याला विस्तार म्हणावे की संकोच, हे आपणच ठरवा.

हे कोणाच्या दुष्टपणामुळे घडते असे समजू नका. त्यामागे साधा हिशेब आहे. बारा संघ, त्यांचे शिक्षक, पंच, मॅट, दिवे, कॅमेरे, हे सारे बिऱ्हाड दर आठवड्याला नव्या गावी न्यावयाचे तर खर्च मोठा. उत्पन्नाचा मोठा वाटा येतो तो जाहिरातीतून आणि टीव्हीच्या प्रक्षेपणातून. २०१५ साली स्टार या टीव्ही कंपनीने लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे जो दाखवतो तोच मुख्यतः चालवतो. पडद्यावर पाहणाऱ्याला सामना पाटण्यात झाला काय आणि नोएडात झाला काय, चित्र सारखेच दिसते. मग मालकाने खर्च का करावा? त्याच्या दृष्टीने शहर म्हणजे पाहणाऱ्यांची संख्या. त्याला तो बाजारपेठ म्हणतो. बाजारपेठेला नाव पुरते. घर लागते ते खेळाला.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. कॅनडा देशात फुटबॉलची एक लीग आहे. हा फुटबॉल आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलहून निराळा. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात आणि एकमेकांना अडवतात. १९९३ साली त्या लीगने ठरवले की शेजारच्या अमेरिकेत नवी बाजारपेठ शोधावी. सॅक्रामेंटो, लास वेगास, बाल्टिमोर, श्रेव्हपोर्ट, मेम्फिस, बर्मिंगहॅम अशा शहरांत संघ उभे केले. कॅनडाचे मैदान लांबरुंद, अमेरिकेचे त्याहून लहान. काही ठिकाणी मैदानाचा शेवटचा भाग कापावा लागला. लास वेगासला प्रेक्षक इतके थोडे येऊ लागले की १९९४ साली त्या संघाचा शेवटचा घरचा सामना कॅनडातल्या एडमंटनला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच गावी नेला. १९९५ साली बाल्टिमोरने चषक जिंकला. आणि जिंकल्यावर काय झाले? त्या शहरात अमेरिकेच्या मोठ्या लीगचा संघ येणार असे ठरले, तेव्हा जिंकलेला संघ मॉन्ट्रियलला हलवला गेला. बाकीचे अमेरिकन संघ बंद पडले. तीन हंगामांत सारा विस्तार गुंडाळला.

त्याच लीगमध्ये सस्कॅचवान या गहू पिकवणाऱ्या प्रांताचा एक संघ आहे. त्याचे गाव रिजायना. मोठ्या महानगरांच्या मानाने लहानच. हा संघ १९१० पासून चालत आला आहे. त्याचा धनी कोणी शेठ नाही, तो लोकांच्या मालकीचा आहे. १९८७ साली तो पैशाच्या अडचणीत आला, तेव्हा टीव्हीवरून लोकांना हाक घातली गेली आणि लोकांनी वर्गणी दिली. दोन वर्षांनी, १९८९ साली, त्या संघाने चषक जिंकला. महानगराच्या नावाने उभारलेले संघ तीन वर्षांत विरले, आणि शेतकऱ्यांचा संघ शंभर वर्षांहून अधिक टिकला. बाजारपेठेचे पुस्तक उघडले तर उलटेच घडावयास हवे होते.

आपल्या देशात क्रिकेटच्या आयपीएलनेही हा प्रयोग केला. २०१० साली पुणे आणि कोची या दोन नव्या संघांचा लिलाव झाला. अफाट रकमा बोलल्या गेल्या. कोचीचा संघ एकच हंगाम खेळून २०११ साली संपला. पुण्याचा २०१३ साली गेला. पैशाच्या बळावर उभारलेला संघ पैशाचे गणित चुकताच पडतो. त्याला सावरण्यासाठी वर्गणी काढावी असे कोणाला वाटत नाही, कारण तो कोणाचा झालेलाच नसतो.

याच्या उलट विदर्भाचेच उदाहरण घ्या. नागपूरला आयपीएलचा संघ नाही. तरी २०१७-१८ साली विदर्भाने रणजी करंडक जिंकला, दुसऱ्या वर्षी पुन्हा जिंकला आणि २०२४-२५ साली तिसऱ्यांदा जिंकला. पहिल्या विजयात वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्यासारखी बाहेरची अनुभवी माणसे होती, हे खरे. पण त्यांनी येऊन जे पीक कापले ते येथे वर्षानुवर्षे प्रबोधिनीत, वयोगटांच्या संघांत पेरले गेले होते. त्या संघातला उमेश यादव हा खापरखेड्याकडच्या वलनी कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा.

आपण धान पिकवणारी माणसे. ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. रोवणी करायची तर आधी पऱ्हे टाकावे लागतात. बांधीत पाणी अडवून चिखल करावा लागतो. मग पऱ्ह्यांची जुडी उपटून दुसऱ्या बांधीत लावली तर ती धरते. खेळाचा विस्तार म्हणजे रोवणी आहे. जुडी बाजारातून विकत आणता येते, पण बांधी कोरडी असेल तर ती जुडी चार दिवसांत पिवळी पडते. हरियाणाला लीगचा संघ मिळाला २०१७ साली. पण त्याआधीच लीगमधले कितीतरी नामांकित खेळाडू हरियाणाचे होते. पाटण्याने लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळवली, त्यांत मोठा वाटा सोनीपत जिल्ह्यातल्या प्रदीप नरवालच्या चढायांचा होता. हरियाणाने पऱ्हे आधी टाकले होते. बांधी उशिरा मिळाली एवढेच.

यावर कोणी म्हणेल की संघ मिळाला तर आपल्या पोरांना नोकऱ्या तरी मिळतील. ठीक आहे, त्याचाही हिशेब करू. लीगच्या एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू असतात. आठाचे बारा संघ झाले तेव्हा साऱ्या देशासाठी वाढल्या त्या फार तर शंभर जागा. उद्या विदर्भाचा संघ आला तर वाढतील पंचवीस. त्या जागा लिलावाने भरल्या जातील आणि त्यांवर हरियाणा, तामिळनाडू, इराण, सर्वांचा हक्क असेल. तसा तो असावाच. काम असेल तेथे कामगार जाणार. परप्रांतीयाला हाकला अशी आरोळी मी जन्मात दिली नाही आणि देणार नाही. पण मग विदर्भाच्या नावाच्या संघात विदर्भाची पोरे किती असतील याची हमी ते नाव देत नाही, हेही कबूल केले पाहिजे. मुंबई आणि पुणे या दोन नावांनी सबंध महाराष्ट्राच्या खेड्यांना जे दिले नाही ते तिसरे नाव आपोआप देईल, असे मानण्यास आधार नाही.

आता दुसरा आकडा पाहा. आपल्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. कबड्डीच्या संघात सात खेळाडू मैदानात आणि पाच राखीव, असे बारा धरले तर तालुक्याला एक संघ म्हणजे चौऱ्याऐंशी खेळाडू. तितक्याच मुली धरल्या तर एकशे अडुसष्ट. विदर्भाचे जिल्हे अकरा. प्रत्येक जिल्ह्याने एवढेच केले तर अठराशे अठ्ठेचाळीस खेळाडू दर वर्षी नियमाने खेळतील. पंचवीस कोठे आणि अठराशे कोठे! त्यांना कोटी मिळणार नाहीत. पण मैदान मिळेल, पंच मिळेल, आणि निवडणाऱ्याच्या नजरेस पडण्याची संधी मिळेल.

आणि येथे मी ज्या कामासाठी जन्म घालवला त्या कामाचे दोन शब्द बोलतो. आपल्याकडे सुगी झाली की गावोगाव दिवस-रात्र कबड्डीचे सामने होतात. बक्षिसे लागतात, दिवे लागतात, लाउडस्पीकर लागतो. माझ्या ओळखीचा एक तरुण राइस मिलमध्ये हमाली करी. चढाईत त्याचे नाव होते. अशाच एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. सामना भरवणाऱ्यांनी त्याला दवाखान्यात पोहोचवले, पाठीवर हात फिरवला आणि ते पुढच्या सामन्याच्या तयारीला लागले. त्याचा विमा नव्हता. मिलमध्ये तो रोजंदारीवर. पोते उचलता येईना म्हणून रोज बंद. शस्त्रक्रियेचे पैसे हमालांनी आपसांत वर्गणी करून जमवले. तो आज चालतो, पण पोते उचलीत नाही आणि मध्यरेषा ओलांडीत नाही. वय त्याचे तेव्हा तेवीस होते. बंधूंनो, या पोराला नागपूरचा संघ मिळाला असता तर काय फरक पडला असता? त्याला हवा होता गावच्या सामन्याचा विमा.

वरच्या पायरीवरही चित्र फार निराळे नाही. लिलावातली किंमत ही कायमच्या पगाराची हमी नव्हे. हंगाम संपतो, पुन्हा लिलाव येतो. अलीकडच्या लिलावांत सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत नऊ लाख रुपये होती. आपल्याला ती मोठी वाटते. पण ज्या पेशात अंग तीस-बत्तिशीत थकते, त्यात ती किती वर्षे मिळणार? लिलाव हा शब्दही मला खटकतो. बाजारात धानाचा लिलाव होतो, बैलाची बोली होते. माणसाच्या श्रमाचा करार व्हावा. गिरणीतल्या खेळाडूला जे हजेरीपत्रक होते ते या खेळाडूला नाही. म्हणून विस्तारापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा की, मालक संघ विकून निघून गेला तर खेळाडूच्या हातात काय राहते? कोची आणि पुण्याने दाखवले की मालक निघून जाऊ शकतो.

मग आपण विस्ताराला विरोध करावयाचा काय? मुळीच नाही. विहिरीत बसून राहा असे मी सांगत नाही. विस्तार व्हावा, विदर्भाचाही संघ व्हावा; पण हात जोडून मागू नये, अटी घालून मागावा. माझ्या मते अशा अटी चार.

पहिली अट घराची. संघाला विदर्भाचे नाव द्यावयाचे तर त्याने दर हंगामात ठरलेले सामने विदर्भात खेळलेच पाहिजेत, आणि हे करारात लिहिलेले असले पाहिजे. घर नाही तर नाव नाही.

दुसरी अट भागीदारीची. सस्कॅचवानच्या शेतकऱ्यांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे नाही. क्रीडा मंडळे, सहकारी संस्था, कामगार संघटना, सामान्य प्रेक्षक यांचा संघात काही हिस्सा असावा, निदान संघ हलवण्याच्या प्रश्नावर त्यांचे मत घ्यावे. ज्याचा हिस्सा आहे तोच अडचणीत वर्गणी देतो.

तिसरी अट खेळाडूच्या संरक्षणाची. त्याला समजेल अशा भाषेत लेखी करार, दुखापतीचा संपूर्ण खर्च, बरा होईपर्यंत वेतन, आणि तक्रार मांडण्यासाठी त्याची स्वतःची संघटना. हे पुढाऱ्याचे लाड नव्हेत. पकड करताना तो आपले हाड पणाला लावतो.

चौथी अट मुलींची. विस्ताराच्या गोष्टी बोलणाऱ्यांना घरातलेच अर्धे मैदान रिकामे दिसत नाही. २०१६ साली लीगच्या जोडीला महिलांची तीन संघांची एक स्पर्धा झाली. २०२५ चा पुरुषांचा बारावा हंगाम संपेपर्यंत तिची पूर्ण लीग झालेली नव्हती. आणि आपल्या मुलींनी काय केले? २०१२ साली पाटण्याला विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. पुढचा विश्वचषक तेरा वर्षांनी, २०२५ साली ढाक्याला झाला. तोही भारताच्या मुलींनी जिंकला. नवे शहर शोधण्यापूर्वी ही नवी बाजू उघडावी. रोवणीला कंबर वाकवणाऱ्या आपल्या बायाबापड्यांच्या लेकींना दम कमी आहे असे म्हणण्याची हिंमत या मांडवात तरी कोणी करणार नाही!

या अटी मान्य होईपर्यंत हात बांधून बसावयाचे काय? तसेही नाही. आपल्या झाडीपट्टीने विस्ताराचा एक धडा देशाला केव्हाच घालून दिला आहे. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात. गावचे मंडळ कंपनीशी करार करते, रक्कम ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. तोटा आला तर मंडळ सोसते; पैसा उरला तर गावाच्या कामी येतो. मंडई असो, शंकरपट असो, रात्री नाटक ठरलेलेच. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. कोणी शेठजीने या रंगभूमीला बाजारपेठ नेमून दिली नाही. गावाला नाटक हवे होते म्हणून नाटक आले, आणि गावाने त्याचे घर सांभाळले म्हणून ते टिकले. जे नाटकाच्या बाबतीत साधले ते कबड्डीच्या बाबतीत का साधू नये? तालुक्याने एक मॅट घ्यावी आणि ती गावोगाव फिरवावी, म्हणजे मातीवर वाढलेल्या पोरांना निवड चाचणीच्या दिवशी पाय घसरून घरी परतावे लागणार नाही. मंडळांनी मिळून तालुक्यांची साखळी भरवावी, मुलांची आणि मुलींची. बक्षिसाच्या रकमेतून आधी प्रत्येक खेळाडूचा विमा काढावा आणि उरेल त्याचे बक्षीस ठेवावे. बक्षीस थोडे कमी झाले तर सामना फिका पडत नाही; पण एक गुडघा गेला तर एक घर फिके पडते.

येत्या सुगीनंतर लाखनी तालुक्यात जो पहिला सामना भरेल तो विम्यावाचून भरू नये, एवढा एक निश्चय या मांडवातील मंडळांच्या चालकांनी केला तरी आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन. त्या कामात कागदपत्रे करण्यासाठी, विमा कचेरीत हेलपाटे घालण्यासाठी आमच्या संघटनेची माणसे आपल्याबरोबर येतील, हा माझा शब्द. लीगचे मालक एके दिवशी विदर्भात येतीलही. त्या दिवशी त्यांना येथे रिकामी बाजारपेठ सापडू नये; बांधी चिखललेली, पऱ्हे तयार आणि बांधावर मालक म्हणून आपण उभे, असे दृश्य त्यांना दिसावे. मग बोलणी बरोबरीने होतील.